लाईट दिली म्हणजे नेमकं काय केलं?

कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झालं त्या पहिल्या दिवशी मामा मशीनच्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "चालू केलंय की नाही त्यांनी, बघ जरा विचारून. मला काय बी कळलं नाही."

वडगावात चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेला हा माणूस. माग चालू आहे की बंद, आणि चालू असेल तर कुठं अडतोय, हे शेजारच्या खोलीतून आवाजावर सांगणारा. इथं तसलं काहीच नव्हतं. बारीक घरघर, मग टेबल बाहेर. दुखलं नाही, चटका नाही, ऊबसुद्धा नाही. आणि घरून निघताना शेजारच्या काकू सांगून गेल्या होत्या, "लाईट देतात म्हणे. आतनं भाजून काढतात."

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी सगळीकडं रेडिएशनला हेच शब्द. कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक, कुणी करंट. दवाखान्यात सहीसाठी आलेला कागद कन्नड आणि इंग्रजीत, त्यावर लिहिलेलं 'विकिरण चिकित्से'. मराठी पुस्तकात त्याला किरणोपचार म्हणतात. तो शब्द मामांनी जन्मात ऐकला नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्याशा भांडवलावर नातेवाइकांनी मला निम्मा डॉक्टर करून टाकलाय. त्यामुळं सात आठवडे, रोज बाकावर बसून, मामांना हे समजावायचं काम माझ्याकडं आलं. त्यातलंच इथं लिहितो.

शेक, लाईट, करंट या तिन्ही शब्दांत भाजणं आहे. आणि रेडिएशन भाजत नाही. हे एक डोक्यातून गेलं की पुढचं सगळं सरळ समजतं.

हिशेबच बघा. रेडिएशन मोजायचं माप आहे ग्रे. एक किलो वजनाच्या शरीराच्या भागात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. एखाद्याच्या सबंध शरीराला एकाच वेळी ४ ग्रे मिळाले आणि काही उपचार झाले नाहीत, तर तशा माणसांतली साधारण निम्मी दोन महिन्यांत दगावतात. आता सत्तर किलोच्या माणसात ४ ग्रे म्हणजे २८० ज्यूल. तेवढी उष्णता गरम चहाच्या एका चमच्यातूनही मिळते. अंगाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानं वाढेल, इतकंच. मग माणूस मरतो कशानं? उष्णतेनं नक्कीच नाही.

मरतो तो ती ऊर्जा कुठं आणि कशी पडते त्यानं. चहाची ऊब सगळीकडं पसरते. क्ष-किरण किंवा गामा किरण मात्र एकेका अणूला गाठून त्याच्यातला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. असा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन, म्हणून या किरणांना आयनकारी म्हणतात. मोबाईलच्या टॉवरच्या लहरींत हा दम नसतो. टॉवरविरुद्ध गल्लीत सह्या गोळा करणारे आणि एक्स-रे काढताना बिनधास्त आत उभे राहणारे बरेचदा तेच लोक असतात, ते असो.

पेशीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. त्यामुळं किरण बहुतेक वेळा पाण्याच्या रेणूवरच आदळतो. पाणी फुटतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा एक भारी चिडका तुकडा तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं, चाल काही नॅनोमीटरची. पण शेजारी डीएनए असला तर तेवढं पुरतं. क्ष-किरणांनी होणाऱ्या नुकसानीतलं दोन तृतीयांश या पाण्याच्या वाटेनं होतं, उरलेलं किरण थेट डीएनएवर बसल्यानं.

इथं मी मामांना कागदावर डीएनएचा पीळ काढून दाखवला. दोन धागे एकमेकांभोवती गुंडाळलेले, एकावर जे लिहिलंय त्याचा जोड दुसऱ्यावर. एका पेशीतला सगळा धागा ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. मामा म्हणाले, "एक धागा तुटला तर?" म्हटलं, दुसरा शाबूत असतो, त्याच्याकडं बघून पेशी गाठ मारते. "आणि दोन्ही एकाच जागी तुटले तर?" मग कशाकडं बघून जोडायचं? जोडते तीही, पण चुकीची टोकं एकमेकांना लागतात, मधला तुकडा गळतो.

एक ग्रे पडला की एका पेशीत एकेरी तुटी होतात हजाराच्या घरात, आणि दुहेरी तुटी तीस-चाळीस. एकेरी तुटींचं पेशीला काही वाटत नाही. रेडिएशन नसतानाही रोजच्या जगण्यात डीएनएला हजारो लहानमोठे ओरखडे उठत असतात आणि पेशी ते निस्तरत असते. मारक ठरतात त्या दुहेरी तुटी, त्यातल्याही न जुळलेल्या किंवा वेड्यावाकड्या जुळलेल्या.

मग मी सांगायच्या आधी मामाच म्हणाले, "म्हणजे ताण्यातला धागा तुटल्यागत की. माग बंद हाय तोवर कुणाला दिसतंय? चालू केला की कळतंय, कापडात वाट पडते."

याहून बरं मला सांगता आलं नसतं. रेडिएशन बसलेली पेशी बहुतेक वेळा त्या क्षणी मरत नाही. जेवते, खाते, आपलं काम करते. मरते ती दुभंगायच्या वेळी. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर सगळा धागा आधी दुप्पट करावा लागतो आणि मग नीट दोन वाटे. तुटकी, भलत्याला चिकटलेली गुणसूत्रं, म्हणजे त्या धाग्याच्या गुंडाळ्या, त्यावेळी अडकतात, ओढाताणीत तुकडे पडतात, आणि पेशी तिथं किंवा पुढच्या एक-दोन खेपांत संपते. म्हणून लाईट घेतल्याच्या संध्याकाळी गाठ चाचपून बघण्यात अर्थ नसतो. मामा रोज चाचपायचे. ती विरते आठवड्यांनी, कधी उपचार संपल्यावरही विरत राहते.

(मधेच एक गंमत. तंत्रज्ञानं दार लावताना "बीम ऑन" म्हटलेलं मामांनी ऐकलं. त्यांच्या लेखी बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा ताणा गुंडाळलेला रूळ. दोन दिवस ते आत कुठं रूळ दिसतो का बघत होते.)

आता पस्तीस दिवस का? मामांची गाठ घशात, जिभेच्या बुडाशी. ठरलेली मात्रा ७० ग्रे, रोज २ ग्रेप्रमाणे ३५ वेळा, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सात आठवडे. सोबत आठवड्याला एकदा किमोची बाटली. पहिल्याच आठवड्यात घरात चर्चा सुरू झाली की एकदम मोठा डोस देऊन मोकळं का करत नाहीत, रोजचा रिक्षाचा खर्च वाचेल.

त्याचं उत्तर एका मेंढ्यानं दिलंय. १९२० च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रगो नावाच्या शास्त्रज्ञानं मेंढ्यांच्या अंडकोशांवर, म्हणजे वृषणांवर, किरण टाकून बघितले. एकदम मोठी मात्रा देऊन मेंढा निर्बीज करायला गेलं की वरची कातडी जायची. तीच गोष्ट थोडी थोडी, दिवसांच्या अंतरानं केली तर मेंढा निर्बीज व्हायचा आणि कातडी टिकायची. वृषणात पेशी सारख्या दुभंगत असतात, गाठीसारख्याच. आणि वरची कातडी म्हणजे आपल्याला वाचवायचा भाग. त्याच संस्थेतल्या ऑन्री कुतार यानं मग ही थोडं थोडं द्यायची रीत माणसांवर आणली, आणि तीही घशाच्याच कॅन्सरवर. मामांना हे फार आवडलं. येईल त्याला ते मेंढ्याची गोष्ट सांगू लागले, शेवटी शेवटी त्यात पॅरिसचं पंढरपूर व्हायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

यामागचं कारण असं. निरोगी पेशीची दुरुस्तीची यंत्रणा धड असते, दोन सिटिंगच्या मधल्या वेळात ती बरंच सावरून घेते. त्याला निदान सहा तास लागतात, म्हणून दिवसातून दोनदा द्यायचं असलं तरी मधे एवढं अंतर ठेवतात. कॅन्सरच्या पेशी दुभंगायच्या घाईत असतात, त्यांच्यात तपासणीचे नाकेच बिघडलेले असतात, त्यामुळं तुटका धागा घेऊनच त्या पुढं धावतात. रोज थोडा थोडा फरक पडतो आणि पस्तीस दिवसांत तो डोंगराएवढा होतो.

डोंगर किती, ते गणितानं बघू. शेंगदाण्याएवढ्या, एक घन सेंटिमीटरच्या गाठीत शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. २ ग्रेच्या एका सिटिंगमध्ये ढोबळमानानं निम्म्या निकामी होतात असं धरा. पहिल्या दिवशी पन्नास कोटी उरल्या, दुसऱ्या दिवशी पंचवीस. असं निम्मं-निम्मं करत गेलं तर शंभर कोटींवरून एकावर यायला तीस खेपा लागतात. वहीत करून बघा. आणि विसाव्या दिवशी थांबलं तर? हजारेक उरतात. हजार पेशी म्हणजे सुईच्या टोकावर मावतील. कुठल्या स्कॅनमध्ये दिसायच्या नाहीत, गिळायला सोपं वाटेल, आणि माणूस म्हणेल, बरं वाटतंय, आता पुरे. प्रत्यक्षात आकडे इतके सरळ नसतात, प्रत्येक गाठीचा स्वभाव वेगळा. पण अर्ध्यावर सोडणारी माणसं मी त्या बाकावर बघितलीत. त्यांच्यासाठी हे गणित शाळेत शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

सुट्टी पडण्याचंही तसंच. घशाच्या, तोंडाच्या कॅन्सरमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोरानं वाढायला लागतात. तेव्हापासून उपचार जितके लांबतील तितकं नुकसान, एका दिवसामागं गाठ आटोक्यात यायची शक्यता सुमारे एक टक्क्यानं घटते. सीमाभागात हे बोलायलाच पाहिजे. आपली माणसं उपचाराला बेळगावात जातात तशी मिरजेला, कोल्हापूरला, हुबळीलाही जातात. आणि डिसेंबर २०२२ मध्ये, पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये, सीमाप्रश्न तापला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थांबल्या. मोर्चा कुणाचा, बरोबर कोण, हे गाठीतल्या पेशीला कळत नाही. अशा दिवसांची शंका आली की दवाखान्यात आधीच सांगून ठेवावं. चुकलेली सिटिंग शनिवारी घेता येते, किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोन. जत्रेसाठी, लग्नासाठी मात्र चुकवू नये. मामांनी भाचीच्या लग्नाचं जेवण चुकवलं. तसंही तेव्हा त्यांना काही गिळता येत नव्हतं.

गिळता का येत नव्हतं? तेही त्याच तुटक्या धाग्याचं काम. बर्गोनिए आणि त्रिबोन्दो या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्येच सांगून ठेवलं होतं की जी पेशी जास्त दुभंगते आणि जी अजून पक्की घडलेली नाही, तिच्यावर किरणांचा मारा जास्त बसतो. तोंडाचं आतलं अस्तर आठवड्या-दोन आठवड्यांत नवं होत असतं. खालच्या थरात पेशी तयार होतात आणि वर सरकतात. लाईटमुळं खालून माल यायचा थांबतो, पण वरचा जुना माल काही दिवस पुरतो. म्हणून पहिले दहा-बारा दिवस माणूस ऐटीत असतो. मामांनी दुसऱ्या सोमवारी खानावळीत मिसळ खाल्ली. मग तिसऱ्या आठवड्यात वरचा थर झिजून संपतो, खाली नवं काही नसतं, आणि तोंड उघडं पडतं. पाणी प्यायलं तरी झोंबतं. भाकरी गेली, आमटी गेली, उरलं पेज, ताक, मऊ भात. धाकट्या मावशीनं कुंदा आणला तर मामा म्हणाले, "ओल्या मातीगत लागतंय." जिभेवरच्या चवीच्या पेशीही सारख्या बदलणाऱ्या, त्यांचाही पुरवठा थांबलेला.

कातडीचंही हेच, फक्त तिचा फेरा चारेक आठवड्यांचा. मानेवरची कातडी आधी लाल, मग काळपट, मग सोलून निघालेली. बघणाऱ्याला भाजल्यासारखंच वाटतं, आणि काकूंचं म्हणणं खरं ठरल्याचा भास होतो. खरं भाजलं असतं तर पहिल्या दिवशी फोड आला असता. केस गळतात तेही किरण जिथून जातात तिथलेच. मामांची खालची दाढी गेली, डोक्यावरचे होते तेवढे राहिले.

लाळ मात्र नियमात बसत नाही. लाळेच्या ग्रंथीतल्या पेशी फारशा दुभंगत नाहीत, तरी त्या किरणांना लवकर बळी पडतात, पहिल्याच आठवड्यात तोंड कोरडं पडायला लागतं. असंच रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींचं. दुभंगायची वाट न बघता त्या स्वतःहून मरतात. १९०६ चा नियम सांगणाऱ्यांना हे अपवाद नंतर लागले.

लाळ वाचावी, कणा वाचावा यासाठीच तो जाळीचा मुखवटा. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात, थंड झाली की ती कडक. रोज त्याच मुखवट्यात डोकं अडकवून टेबलाला कुलूप. किरण एका बाजूनं न सोडता चारी बाजूंनी थोडे थोडे सोडतात, सगळे येऊन मिळतात ते गाठीवर. शिवाय आजच्या मशीनचे किरण कातडीवर सगळ्यात तीव्र नसतात, दीडेक सेंटिमीटर आत गेल्यावर त्यांचा जोर भरतो. तरीही मान बारीक, गाठ जवळ, त्यामुळं कातडीला आपला वाटा मिळतोच.

दार लावून सगळे बाहेर पळतात, रुग्ण एकटा आत, हे बघून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. रुग्णाला ती मात्रा गाठ मारण्यासाठी, मोजून, ठरलेले दिवस घ्यायची असते. तंत्रज्ञ तिथं वर्षानुवर्षं दिवसाला चाळीस-पन्नास रुग्ण घेणार, त्यानं कशाला घ्यावी? भिंती मीटरभराहून जाड काँक्रीटच्या असतात त्या याचसाठी.

आणि मामी. पहिल्या रात्री तिनं नातवाला आजोबांच्या खोलीत झोपायला पाठवलं नाही. "अंगातनं येतंय म्हणे," म्हणाली. कारवारकडं कैगा आहे, अणुवीज म्हटलं की इकडं सगळ्यांना तेच आठवतं, त्या भीतीतून हे आलं असणार. बाहेरच्या मशीननं दिलेलं रेडिएशन अंगात साठत नाही. बॅटरीचा झोत अंगावर मारला आणि बटण बंद केलं, तर माणूस नंतर अंधारात चमकतो का? आजच्या लिनॅक नावाच्या मशीनमध्ये तर किरणोत्सारी पदार्थही नसतो. विजेवर इलेक्ट्रॉन पळवून टंगस्टनवर आपटतात, त्यातून क्ष-किरण निघतात. वीज गेली की संपलं. जुन्या कोबाल्टच्या मशीनमध्ये किरण सतत देणारा गोळा असतो, पण तो मशीनच्याच पोटात शिशाआड. मामांचं ताट, कपडे, अंथरूण, नातू, काही वेगळं करायची गरज नव्हती. वेगळं करावं लागतं ते थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात तेव्हा. त्याची ताकद आठ दिवसांत निम्मी होते, आणि तेवढे दिवस कसं वागायचं ते दवाखाना सांगतो.

तंबाखूचं न बोलता पुढं जाता येत नाही. निपाणीचा पट्टा तंबाखूवर उभा राहिला, १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी तिथला महामार्ग रोखून धरला होता, विड्या वळून कितीतरी घरं चालली. त्या पिकाला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. पण तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० नावाचा किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतोच, आणि लाईटला घाबरणारे मामा तीस वर्षं विडीतून तो फुप्फुसात ओढत होते. उपचार चालू असताना विडी ओढण्याचा तोटा आणखी वेगळा. चिडक्या तुकड्यांनी केलेली तूट पक्की होते ती ऑक्सिजनमुळं. जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथली गाठ मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणजे आत मशीनला पैसे द्यायचे आणि बाहेर येऊन पानपट्टीवर त्याच मशीनची धार घालवायची. रक्त कमी असलेल्यांना आधी हिमोग्लोबिन वाढवायला सांगतात, त्यामागंही बरंचसं हेच.

उपचार संपल्यावर तोंड महिन्या-दीड महिन्यात भरून आलं. अस्तराच्या ज्या मूळ पेशी वाचल्या, त्यांनी पुन्हा माल पाठवायला सुरुवात केली. स्कॅन मात्र तीन महिन्यांनी सांगितला. मामा भडकले, "आत्ताच का नको?" आत्ता केला असता तर मरणाच्या वाटेवरची पेशी आणि सुजलेलं अस्तर जिवंत गाठीसारखंच दिसलं असतं, आणि घरभर रडारड झाली असती.

पण हळू दुभंगणाऱ्या ऊती आपला हिशेब उशिरा मांडतात, महिन्यांनी, वर्षांनी. बारीक रक्तवाहिन्या आखडतात, स्नायूंत वण येऊन ते ताठ होतात. जबडा उघडेना होतो, म्हणून मामा रोज सकाळी आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये बसवतात. सुरुवात अकरा काड्यांनी केली, आता चौदा जातात. मानेला लाईट घेतलेल्यांचं थायरॉईड पुढं मंदावू शकतं, त्यासाठी रक्तातलं टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारं माप) वरचेवर तपासतात. कित्येक वर्षांनी त्याच भागात दुसरा कॅन्सर होण्याची शक्यताही असते, लहान, पण असते.

सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट दातांची. लाळ कमी झाल्यानं दात किडतात, आणि किरण बसलेल्या जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं. अशा जबड्यातला दात पाच वर्षांनी, दहा वर्षांनी कुणी सहज उपटला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून मरू शकतं. म्हणून खराब दात लाईट सुरू व्हायच्या आधी काढून घेतात, आणि नंतर दाताच्या खुर्चीत बसण्याआधी सांगायचं असतं. मामांनी दवाखान्याकडून एका कागदावर लिहून घेतलंय: कुठं, किती ग्रे, किती सिटिंग, कधी संपलं. त्याला प्लास्टिकचं पाकीट केलंय आणि ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. रेशनकार्ड घरात कधीच हरवत नाही, असं मामी म्हणते.